ऑफिसनंतर फुलणारी बाग

ठाणे स्टेशन, कापूरबावडीचा ट्रॅफिक आणि मग कोलशेत. घरी पोहोचेपर्यंत नऊ ठरलेले. जास्वंद आपण निघताना फुलते आणि परतताना मिटलेली असते. म्हणून माझ्या बाल्कनीत नाइट शिफ्टवाल्यांनाच जागा आहे. रातराणी आणि ब्रह्मकमळ!

नर्सरीत जायलाच हवं असं नाही. शेजारच्या काकूंकडे मागा.

ब्रह्मकमळ हे निवडुंगाच्या कुळातलं, मूळ मेक्सिकोकडचं. उत्तराखंडचं राज्यफूल ते वेगळं. याचं ‘पान’ म्हणजे खरं तर चपटं खोड, म्हणूनच त्याला मुळं फुटतात. वीतभर तुकडा ४-५ दिवस सावलीत ठेवा. काप सुकला की माती-कोकोपीटमध्ये दोन इंच खोचा. पाणी बेताचं. महिन्याभरात मुळं धरतात, फुलासाठी मात्र २-३ वर्षं थांबायचं.

रातराणी घाईवाल्यांची. पावसाळ्याच्या सुरुवातीला पेन्सिलीएवढी जाड, सहा इंची फांदी घ्या. खालची पानं काढून दोन डोळे मातीत जातील अशी लावा. रुजली की मोठी कुंडी आणि भरपूर ऊन द्या. वास उग्र, त्यामुळे बेडरूमपासून लांब बरी. फळं विषारी, तेव्हा लहान मुलं आणि मांजरं सांभाळा.

ब्रह्मकमळ रात्री उमलतं आणि सकाळी मान टाकतं. पोस्टपोन करायची सोय नाही. त्या रात्री मी लॅपटॉप मिटतो आणि पान देणाऱ्या काकूंना बोलावतो. एरवी आमची ओळख लिफ्टपुरतीच होती. आता त्याच झाडाची पानं तीन मजल्यांवर रुजलीत.