तापलेल्या मोटारीचे पुनःप्रारंभण : कार्ब्युरेटरातील बाष्पाचा प्रश्न

भरे येथून पुण्याकडे निघालेली जुनी प्रीमियर पद्मिनी पिरंगुटचा घाट सुरळीत चढते. मात्र माथ्यावर चहापुरती पंधरा मिनिटे थांबली, की पुन्हा सुरू होत नाही, असा अनुभव पुष्कळदा येतो. चढावर न अडलेले यंत्र विश्रांतीनंतर का अडावे?

इंजिन चालू असताना पंख्याचा वारा व पाण्याचे अभिसरण उष्णता वाहून नेतात, आणि टाकीतून येणारे पेट्रोल कार्ब्युरेटरला गार ठेवते. इंजिन बंद होताच हे सारे थांबते. सिलिंडर-हेडमध्ये साठलेली उष्णता कार्ब्युरेटरकडे सरकते व त्याचे तापमान काही काळ वाढतच राहते. पेट्रोलला पाण्याप्रमाणे एकच उत्कलनबिंदू नसतो. त्यातील हलके घटक सुमारे ४० अंश सेल्सिअसलाच उकळू लागतात.

या उकळण्याचे परिणाम दोन असून ते परस्परविरुद्ध आहेत. फ्लोटच्या भांड्यातील पेट्रोल उकळल्यास ते जेटमधून मॅनिफोल्डमध्ये ओसंडते व मिश्रण अतिसमृद्ध होते. उलट पंपात किंवा नळीत बाष्प कोंडल्यास पेट्रोल पुढे सरकतच नाही. बाह्य लक्षण मात्र एकच: स्टार्टर फिरतो, इंजिन पेट घेत नाही. अशा वेळी चालक सकाळच्या सवयीने चोक ओढतो आणि पहिल्या प्रकारात स्वतःच रोग वाढवितो.

निदान प्लगवरून करावे. प्लग ओला असल्यास चोकला हात न लावता अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरावा व स्टार्टर फिरवावा. तो वारंवार दाबल्यास आणखी पेट्रोल आत जाते. प्लग कोरडा असल्यास पंपावर ओले फडके ठेवून थांबावे. पेट्रोल ठीक असूनही ठिणगी क्षीण दिसली, तर दोष तापलेल्या कॉइलचा किंवा कंडेन्सरचा समजावा. (आमच्या मते पुष्कळ कार्ब्युरेटर या शेवटच्या कारणासाठी विनाकारण उघडले जातात.)

२०२५ साली भारतातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले, त्यामुळे या जुन्या प्रश्नाला नवे अंग आले आहे. शुद्ध इथेनॉल ७८ अंशांना उकळते, म्हणून ते मिसळल्याने बाष्पीभवन घटेल असे वाटते. प्रत्यक्षात पेट्रोलच्या हलक्या घटकांशी त्याची स्थिरक्वाथी मिश्रणे बनतात, आणि ती त्याहून कमी तापमानाला उकळतात. म्हणून कार्ब्युरेटरखाली उष्णतारोधक जाड पॅकिंग घालणे, नळी एक्झॉस्टपासून दूर नेणे आणि फ्लोटची पातळी तपासणे, हे उपाय आता अधिक निकडीचे झाले आहेत. इथेनॉलाने जुने रबर फुगते किंवा तडकते. तेव्हा नळी हलविताना ती बदलूनच टाकावी.