चेहरा असलेली गिटार

जुन्या वाद्यांचे मोल : लेखांक ६

मागच्या लेखांकात क्रेमोनाच्या व्हायोलिनींचा विचार करताना आपण क्लॉडिया फ्रिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे प्रयोग पाहिले. हाती कोणते वाद्य आहे हे कळू दिले नाही, तेव्हा निष्णात वादकांनी बहुतांशी नव्या व्हायोलिनींना पसंती दिली, असे २०१२ आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगांत आढळले. जुन्या वाद्याचे मोल केवळ आवाजाने ठरत नाही, इथवर आपण आलो होतो. मग ते कशाने ठरते? व्हायोलिनच्या बाबतीत या प्रश्नाला एक सोपे उत्तर असते: ती एका थोर कारागिराच्या हातची असते. पण हेच मोल कारखान्यात, ठरलेल्या मापांनी, शेकड्यांनी तयार झालेल्या वाद्यालाही मिळत असेल, तर हे उत्तर पुरत नाही. गिब्सन कंपनीने १९५८ ते १९६० या काळात बनवलेली लेस पॉल स्टँडर्ड ही इलेक्ट्रिक गिटार असे वाद्य आहे. मधे पिवळी आणि कडेला लाल होत जाणारी तिची सनबर्स्ट रंगछटा प्रसिद्ध आहे, म्हणून संग्राहक तिला नुसते ‘बर्स्ट’ म्हणतात. तेव्हा अडीचशे डॉलरच्या आसपास मिळणारी ही गिटार आज काही लाख डॉलरना विकली जाते. माझे म्हणणे असे, की या किमतीमागे आवाज आहे, दुर्मिळपणाही आहे, पण निर्णायक गोष्ट तिसरीच आहे. कारखान्यातून निघूनही प्रत्येक बर्स्टला स्वतंत्र, ओळखता येणारा चेहरा मिळाला आणि त्या चेहऱ्याला इतिहास चिकटू शकला.

आधी दुर्मिळपणाचे पाहू. लेस पॉल गिटार १९५२ मध्ये मिशिगन राज्यातल्या कालामझू शहरातून बाजारात आली, तेव्हा तिचा दर्शनी भाग सोनेरी रंगाचा होता. १९५३ मध्ये तिचे २,२४५ नग कारखान्याबाहेर पडले. १९५८ मध्ये ४३४. लिओ फेंडरच्या हलक्या, सुटसुटीत गिटारींपुढे हे जड वाद्य मागे पडत होते. खप सावरावा म्हणून कंपनीने सोनेरी रंग काढून लाकूड दिसू देणारी सनबर्स्ट छटा आणली. त्यानेही फारसे साधले नाही. १९५९ मध्ये ६४३ आणि १९६० मध्ये ६३५ नग गेल्यावर कंपनीने हा घाटच बंद केला आणि १९६१ मध्ये पातळ अंगाची, दोन शिंगांची नवी गिटार आणली. म्हणजे हा दुर्मिळपणा कोणी योजलेला नव्हता. तो अपयशातून आला. पण अपयशी ठरून थोड्याच तयार झालेल्या वस्तू जगात असंख्य आहेत आणि त्यांतल्या बहुतेकींना कोणी विचारत नाही. थोडेपणा ही मोलाची अट असेल. ते त्याचे कारण नव्हे.

कारण त्या लाकडात शोधावे लागते. बर्स्टचे अंग मॅहॉगनीचे आणि त्यावरचा दर्शनी थर मेपलचा असतो. मेपलची एकच फळी जाडीत चिरून, दोन्ही भाग उघडलेल्या पुस्तकाच्या पानांसारखे शेजारी जोडलेले असतात. काही मेपलमध्ये तंतू लहरत जातात आणि पारदर्शक लॅकरखाली त्यांचे पट्टे ज्वाळांसारखे हलताना दिसतात. कालामझूत सरसकट एकाच दर्जाचे मेपल लावले गेले नाही. त्यामुळे काही गिटारी जवळजवळ साध्या निघाल्या, काहींवर दाट रुंद पट्टे आले, काहींवर तुटक बारीक रेषा. त्यात रंगाची भर पडली. कडेचा लाल रंग प्रकाशात टिकणारा नव्हता. दुकानाच्या काचेत किती दिवस टांगली, पेटीत किती वर्षे राहिली, त्याप्रमाणे कोणी लालच राहिली, कोणी मधासारखी झाली, कोणी पूर्ण पिवळी. १९६० मध्ये कंपनीने टिकाऊ लाल रंग वापरायला सुरुवात केली, म्हणजे तिच्या लेखी हा दोषच होता. सेथ लव्हर यांनी दोन वेटोळी उलटसुलट जोडून विजेची घरघर घालवणारे जे हंबकर पिकअप, म्हणजे तारांचे कंपन टिपणारे भाग, तयार केले होते, त्यांतही अशीच विविधता होती: चुंबकाचा प्रकार बदले, तारेचे फेरे कमीजास्त होत. प्रमाणीकरणातल्या या उणिवांनी प्रत्येक नग वेगळा केला.

यावर पहिला आक्षेप वादकांचा असतो, आणि तो वजनदार आहे: लोक बर्स्ट घेतात ती तिच्या आवाजासाठी. १९६६ मध्ये जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्स संचासोबत एरिक क्लॅप्टनने लेस पॉल मार्शल अँप्लिफायरला जोडून जो जाड, लांबत जाणारा स्वर काढला, त्याने रॉकचा कान बदलला. मागणी इतकी वाढली की गिब्सनला १९६८ मध्ये हा घाट पुन्हा सुरू करावा लागला. हे सगळे खरे आहे. त्या आवाजाशिवाय बर्स्टकडे कोणी वळूनही पाहिले नसते. पण १९५७ ची सोनेरी लेस पॉल शेजारी ठेवून पाहा. तेच मॅहॉगनी, तेच मेपल, तेच हंबकर. आवाजात फरक असलाच तर तो दोन बर्स्टमध्ये असतो त्याहून मोठा असण्याचे कारण नाही. तरीही तिची किंमत बर्स्टपेक्षा बरीच कमी असते. फरक एवढाच, की तिचे लाकूड सोनेरी रंगाखाली झाकलेले आहे. म्हणूनच जुनी सोनेरी गिटार खरवडून तिची बर्स्ट करण्याचे उद्योग झाले आणि खरीखोटी पारखणे हे एक शास्त्रच बनले.

लाकूड दिसण्याला इतके महत्त्व का? सौंदर्य हे त्याचे अर्धेच उत्तर. उरलेले अर्धे असे, की लाकडाच्या रेषा हा न बदलणारा पुरावा आहे. क्लॅप्टनची ती गिटार १९६६ मध्येच चोरीला गेली आणि आजवर उघडपणे समोर आलेली नाही. कोणी ती सापडल्याचा दावा केला, तर तो जुन्या छायाचित्रांतल्या रेषांशी ताडून पाहिला जाईल. ही पद्धत चालते हे दुसऱ्या एका गिटारने दाखवून दिले आहे. कॅनडाचे गायक रँडी बाकमन यांची १९५७ ची ग्रेच गिटार १९७६ मध्ये टोरांटोत चोरीला गेली होती. २०२० मध्ये एका चाहत्याने तिच्या लाकडावरच्या खुणा इंटरनेटवरच्या छायाचित्रांशी जुळवल्या, ती टोकियोत असल्याचे कळले आणि २०२२ मध्ये ती बाकमनना परत मिळाली. यासुहिको इवानाडे यांचे बर्स्टवरचे चित्रग्रंथ संग्राहकांना मोलाचे वाटतात तेही यामुळेच. त्यांत एकेका गिटारची ओळख नोंदली गेली आहे.

दुसरा आक्षेप: मग हे सारे प्रसिद्ध हातांचे मोल आहे. जानेवारी २०२४ मध्ये ख्रिस्टीजच्या लिलावात गिटारवादक मार्क नॉफ्लरची १९५९ ची बर्स्ट ६,९३,००० पौंडांना गेली, आणि त्याच लिलावात त्याची १९८३ ची, तुलनेने नवी लेस पॉल ५,९२,२०० पौंडांना. नावाची ताकद त्या दुसऱ्या आकड्यात स्पष्ट दिसते आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्या बर्स्टना कोणताही नामवंत मालक लाभला नाही, त्याही काही लाख डॉलरना जातात. १९८३ ची दुसरी एखादी लेस पॉल तशी जात नाही. शिवाय नाव चिकटायला ओळख लागतेच. गिटारवादक पीटर ग्रीनकडून गॅरी मूरकडे आणि २०१४ मध्ये कर्क हॅमेटकडे आलेली ‘ग्रीनी’ तिच्या उलट बसलेल्या चुंबकाच्या पोकळ स्वरावरून ओळखली जाते. तिचा दोष हीच तिची सही आहे.

तिसरा आक्षेप नकलांचा. आज गिब्सन स्वतःच उत्तम प्रतिकृती बनवते; त्या आवाजात कमी पडतात असे सिद्ध करणे कठीण आहे, आणि वाजवण्यासाठी घेणाऱ्याने त्याच घ्याव्यात. पण कंपनीने संग्राहकांसाठी प्रतिकृती काढल्या, तेव्हा काय केले ते पाहा. नुसत्या ‘१९५९ च्या लेस पॉल’ची नव्हे, तर ‘ग्रीनी’सारख्या एकेका ठरावीक गिटारची तिने नक्कल केली. नक्कल व्यक्तीची होते आहे, याहून माझ्या म्हणण्याला वेगळा पुरावा नको.

उरतो नैतिक आक्षेप: इतक्या किमतीमुळे वाद्ये तिजोरीत जातात. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि वरचा युक्तिवाद तो आणखी धारदार करतो. बर्स्टची ओळख लाकडाने सुरू झाली, पण ती वाढली वाजवण्याने: बदललेले पिकअप, घासलेली मान, रंगमंचावरची छायाचित्रे. हॅमेट ‘ग्रीनी’ आजही मैफलींत वाजवतो, म्हणून तिचा इतिहास पुढे सरकतो आहे. बंद पेटीतली गिटार आधीच्या मालकांनी कमावलेल्या ओळखीवर जगते. तेव्हा संग्राहकाची जबाबदारी दुहेरी आहे: नोंदी उघड ठेवायच्या आणि वाद्य वाजत्या हातांत द्यायचे. यांतले एकही न करणारा माणूस फक्त किंमत जमवतो.

(पुढील लेखांकात : खरवडलेल्या सोनेरी गिटारी आणि बनावट बर्स्ट कशा पकडल्या जातात)