एका स्वीडिश स्तोत्राची पाठपरंपरा

जुन्या कवनांचा संग्रह करणारांस एक अनुभव नित्य येतो. जें पद लोकांस अत्यंत प्रिय, त्याचाच मूळ पाठ ठरविणें कठीण. कारण प्रेमानें गाणारे त्यांत भर घालीत जातात. ‘हाउ ग्रेट दाउ आर्ट’ या इंग्रजी नांवानें ख्रिस्ती जगांत सर्वतोमुखी झालेलें स्तोत्र याचें उत्तम उदाहरण होय. तें मूळचें इंग्रजी असा पुष्कळांचा समज आहे. तो टिकणारा नाहीं.

मूळ कर्ता कार्ल बोबेर्ग (१८५९–१९४०) हा स्वीडनच्या आग्नेय किनाऱ्यावरील मॉन्स्टेरोस गांवचा. इ. स. १८८५ मध्यें सभेहून घरीं परतत असतां त्यास अकस्मात् मेघगर्जनेसह वादळानें गांठलें. तें ओसरतांच आकाशांत इंद्रधनुष्य उमटलें, खाडी आरशासारखी निश्चल झाली व दुरून देवळाच्या घंटांचा नाद आला. या अनुभवांतून नऊ कडव्यांचें ‘ओ स्तूरे गूद’ हें काव्य जन्मास आलें, व १८८६ सालीं स्थानिक वृत्तपत्रांत छापलें गेलें. पुढें त्यास एक स्वीडिश लोकगीताची चाल मिळाली.

१९०७ सालीं एस्टोनियांतील मान्फ्रेड फोन ग्लेन यानें त्याचें जर्मन भाषांतर केलें. त्यावरून १९१२ त प्रोखानोव्ह यानें रशियन पाठ सिद्ध केला. युक्रेनांत काम करणाऱ्या स्ट्युअर्ट हाइन या इंग्रज मिशनऱ्यानें हा रशियन पाठ ऐकला, व त्याचा इंग्रजी पाठ १९४९ त प्रसिद्ध झाला. त्यांतील तिसरें व चौथें कडवें हाइनचें स्वतःचें आहे. चौथ्याच्या मुळाशीं युद्धोत्तर निर्वासितांची घरीं परतण्याची ओढ आहे. विशेष हें कीं, गुस्ताव्ह जॉन्सन यानें थेट स्वीडिशवरून १९२५ सालींच इंग्रजी भाषांतर केलें होतें; परंतु मुळास जवळचा तो पाठ मागें पडला आणि तीन भाषांतून फिरून आलेला पाठ रूढ झाला.

मग टिकलें काय? स्तोत्राची घडण. कडव्यांत दृष्टि सृष्टीचें वैभव पाहते व चाल खालच्या स्वरांत संथ चालते. ध्रुवपदांत ती एकदम वर चढते आणि अंतःकरण स्तुतीनें भरून वाहतें. आधीं विस्मय, मग वंदन हा क्रम प्रत्येक कडव्यास पुनः घडतो. आपल्या अभंगांतील ध्रुवपदाचें कार्य जाणणारास यांतील मर्म सहज उमगेल.

या प्रवासांत महाराष्ट्राचाही एक टप्पा आहे. १९५४ त नाशिकजवळील देवळाली येथें नागा गायकांच्या तोंडून एडविन ऑर यानें हें स्तोत्र ऐकलें व अमेरिकेस नेलें. १९५७ च्या न्यूयॉर्क येथील बिली ग्रॅहॅम यांच्या सभांनीं त्याची कीर्ति दूरवर नेली.

तात्पर्य, पदसंग्राहकांनीं मूळ पाठाबरोबर मागाहून पडलेली भरही कर्त्याच्या नांवासह नोंदून ठेवावी. तसें न झाल्यास मूळ कवीचें नांव लोपतें, आणि भर घालणाऱ्याची भक्तिही अनामिक राहते.