नागपूर ते जिद्दा : तिकिटावर न दिसणारे अडीच तास

हजला निघालेल्या मोहल्ल्यातल्या खालांनी तिकीट पुढे केलं. "नागपूरहून सकाळी दहा, जिद्द्याला दुपारी दीड. साडेतीनच तास ना, सर?"

नाही, खाला. सौदीचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. विमानात बसायचं सहा तास. अंतर सुमारे 4,100 किलोमीटर, तेही जवळपास सरळ पश्चिमेला. दोन्ही शहरं 21 अंश अक्षांशाच्या पट्ट्यातच आहेत. (वर्गात मी नकाशावर पट्टी ठेवून दाखवतो.)

खालांना मधुमेह. साडेतीन तास धरून बसलं, तर जेवण आणि गोळी चुकायची. म्हणून वेळा डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्याव्यात, त्याही भारतीय घड्याळाप्रमाणे. मीकातही उतरण्याआधी, विमानातच येते. एहरामची तयारी नागपुरातच हवी.

खालांनी मनगटावरचं घड्याळ चाचपलं. "मग हे जिद्द्यापर्यंत धामणगावचंच राहू दे."