घरात भरलेलं कॉलेज

आमच्या केंद्रावर येणाऱ्या कॉलेजच्या मुलींना आम्ही विचारलं, "मोबाइलवरचं शिक्षण कसं वाटतं?" एकजण म्हणाली, "तास चांगला असतो हो, पण मधेच आई हाक मारते, 'घरीच आहेस ना, कुकर बघ!'" सगळ्या हसल्या. आम्ही मात्र विचारात पडलो, कारण ती आई म्हणजे आपणच.

आधी फायदे पाहू. एसटीचा वेळ आणि भाडं वाचतं. न कळलेला भाग मागे नेऊन चारदा ऐकता येतो. वर्गात तेच पुन्हा विचारायला मुली लाजतात. केंद्र सरकारचं 'स्वयम्' हे व्यासपीठ २०१७ पासून सुरू आहे. त्यावरचे बहुतेक अभ्यासक्रम मोफत शिकता येतात. प्रमाणपत्र हवं असेल तर फी भरून परीक्षा द्यावी लागते. लग्नानंतर शिक्षण सुटलेल्या बायकांनाही ही वाट मोकळी आहे.

आता तोटे. तासाभराच्या व्हिडिओला साधारण अर्धा जीबी डेटा जातो. रोजचा दीड जीबीचा पॅक तीन तासांत संपला, तर चौथा तास बुडाला. घरात फोन एकच असेल, तर तो आधी कुणाच्या हातात जातो, हे आपल्याला माहीतच आहे. प्रयोगशाळेतलं काम पडद्यावर बघून हाताला वळण लागत नाही. म्हणूनच वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी अशा पदव्या ऑनलाइन घ्यायला परवानगी नाही. शिवाय ग्रंथालय, शेजारच्या बाकावरची मैत्रीण, चार लोकांत बोलायचं धाडस हे मोबाइलमधून मिळत नाही.

सगळ्यात मोठा धोका वेगळाच आहे. "मोबाइलवर शिकता येतं, मग पोरीला कॉलेजात पाठवायचं कशाला?" असं काही घरांत बोललं जातं. जी सोय शिक्षण वाढवायला आली, तिनंच मुलीचं बाहेर पडणं थांबायला नको. वर्ग उपलब्ध असेल तर तिला वर्गात पाठवा, आणि मोबाइल जोडीला ठेवा.

ऑनलाइन पदवीच घ्यायची असेल, तर त्या विद्यापीठाला आणि त्या अभ्यासक्रमाला मान्यता आहे का, हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या संकेतस्थळावर पाहा. मान्यता पाहिल्याशिवाय एक रुपयाही भरू नका. डेटा वाचवायला व्हिडिओचा दर्जा कमी ठेवा. कॉलेजात वायफाय असेल तर धडे तिथेच उतरवून घ्या. ऐकताना वही-पेन हातात असू द्या.

आणि आपल्यासाठी एक काम. तिच्या तासांचं वेळापत्रक स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावा. तेवढा वेळ ती घरात नाही, कॉलेजात आहे, असं समजा. कुकरच्या शिट्ट्या भाऊही मोजू शकतो!