तापणारी जुनी मोटार



सुमारे पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. वैशाखातील एका दुपारी आम्ही वडिलांची जुनी फियाट घेऊन औरंगाबादेहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगराहून, वेरूळला निघालो होतो. दौलताबादचा घाट लागला तेव्हा उष्णतामापकाचा काटा वर सरकू लागला आणि घाट संपण्यापूर्वीच बॉनेटच्या फटींतून वाफ फुटली. गाडी थांबवली. आमचे मेहुणे मोठ्या तत्परतेने खाली उतरले, पंचाची घडी केली आणि रेडिएटरचे झाकण उघडावयास वाकले. तोच मागून वडिलांचा आवाज आला, "जावईबापू, हात मागे घ्या! गाडी तापली की माणसाने थंड व्हावे."

त्या वाक्याने त्या दिवशी एक हात भाजावयाचा वाचला. पुढे अनुभवाने समजले की तापणाऱ्या गाडीच्या दुरुस्तीचे सारे शास्त्रही त्याच वाक्यात आहे.

प्रथम त्या झाकणाविषयी सांगतो. आपले शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून अधिक उंचीवर असल्यामुळे येथे उघड्या भांड्यातील पाणी शंभर अंशांऐवजी सुमारे अठ्ठ्याण्णव अंशांवरच उकळते. हे टाळण्यासाठी मोटारींच्या रेडिएटरला दाब धरून ठेवणारे झाकण बसवण्याची पद्धत आली. त्या दाबाखाली पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. पण झाकण उघडताच दाब नाहीसा होतो आणि त्या पाण्याचा काही भाग एका क्षणात वाफ होऊन बाकीच्या उकळत्या पाण्यासह अंगावर उसळतो. घरातील प्रेशर कुकर शिटी न सोडता कोणी उघडत नाही, तोच नियम येथे लागू आहे.

तेव्हा गाडी सावलीत उभी करावी, इंजिन बंद करावे, बॉनेट उघडावे आणि अर्धापाऊण तास स्वस्थ बसावे. वरची रबरी नळी हाताने सहज धरवू लागली म्हणजे झाकणावर जाड कापड टाकून ते हळूहळू सैल करावे. मग इंजिन सुरू करून पाणी थोडे थोडे ओतावे. तापल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतल्यास बिडाच्या ठोकळ्याला तडा जाऊ शकतो. हेड अॅल्युमिनियमचे असेल तर ते वाकण्याची भीती असते. घाईचे ते एक तांब्याभर पाणी फार महाग पडते.

हे महागपण आता वाढलेही आहे. २०२१ साली केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे स्वतंत्र नियम केले. प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक वय झालेले आणि चेसिस, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरबदल न केलेले वाहन त्यांत बसते. म्हणजे जुन्या गाडीचे मूळ इंजिन हेच तिचे खरे धन होय.

आता गाडी तापते का, ते पाहू. पेट्रोल जळून जी उष्णता निघते तिचा लहानसा भाग चाके फिरवण्याच्या कामी येतो. उरलेल्या उष्णतेचा काही भाग धुरावाटे जातो आणि ढोबळमानाने तिसरा हिस्सा इंजिनाभोवतीच्या पाण्याला उचलावा लागतो. ते पाणी ती उष्णता रेडिएटरपर्यंत नेते आणि तेथे वारा ती हिरावून घेतो. या व्यवहारात तीन भागीदार आहेत: पाणी, वारा आणि ज्योत. गाडी तापली म्हणजे या तिघांपैकी कोणीतरी कामात कसूर करीत आहे. कोण, हे ओळखण्यासाठी पाना हातात घेण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: गाडी तापते केव्हा?

गाडी गुलमंडीच्या गर्दीत उभी असता तापते, पण मोकळ्या रस्त्यावर काटा खाली येतो, असे असेल तर वाऱ्याचा दोष समजावा. पंख्याचा पट्टा ढिला झाला आहे काय, ते अंगठ्याने दाबून पाहावे. सुमारे अर्धा इंच दबला तर ठीक. रेडिएटरच्या जाळीमागे दिवा धरून समोरून पाहावे. जेथे उजेड दिसत नाही तेथे धूळ, किडे किंवा भुसा अडकलेला असतो. पंख्याच्या बाजूने बेताच्या धारेने पाणी मारून तो काढावा.

उलट, उभी असता गाडी शांत, पण घाटात वा वेगात तापत असेल तर पाण्याकडे वळावे. आपल्याकडील कित्येक विहिरींचे पाणी जड असते. पूर्वी घरोघरी तांब्याचा बंब असे. त्याच्या आत क्षारांचा थर चढला की जळण अधिक लागे आणि पाणी उशिरा तापे, हे वडीलधाऱ्या मंडळींस आठवत असेल. तोच थर इंजिनात व रेडिएटरच्या बारीक नळ्यांत चढतो आणि उष्णतेची वाट अडवतो. ज्या शहराला मलिक अंबराच्या नहरीने पाणी पाजले, तेथील लोकांस हे निराळे सांगावयास नको की नहर बांधण्याइतकेच तिचा गाळ काढणेही महत्त्वाचे असते. दोन्ही रबरी नळ्या सोडवून रेडिएटरमध्ये खालून वर, म्हणजे नेहमीच्या उलट दिशेने, पाणी सोडावे. गंज निघून पाणी स्वच्छ येईपर्यंत हे चालू ठेवावे. पुढे विहिरीचे पाणी न वापरता शुद्ध केलेले पाणी आणि गंजरोधक कूलंट घालावे. बहुतेक कूलंटमध्ये ग्लायकॉल असते. ते चवीला गोड पण विषारी असते, म्हणून मुले व जनावरे यांपासून ते दूर ठेवावे.

फार जुन्या गाड्यांची गोष्ट निराळी. १९०८ ते १९२७ या काळात निघालेल्या फोर्ड मॉडेल टी गाड्यांपैकी अगदी आरंभीच्या सोडल्यास बाकीच्यांत पाण्याचा पंप नव्हताच. गरम पाणी आपोआप वर चढे आणि रेडिएटरमध्ये निवून खाली उतरे. अशा गाडीत पाण्याची पातळी वरच्या नळीच्या तोंडाखाली गेली की फेरा तुटतो. तेथे आधी पातळी पाहावी.

गाडी सुरू होताच काही मिनिटांत तापत असेल, तर थर्मोस्टॅट मिटलेलाच राहतो की काय, हे पाहावे. तो काढून तापत्या पाण्याच्या पातेल्यात सोडावा. ऐंशी अंशांच्या आसपास उघडू लागला तर निर्दोष. थंड इंजिन सुरू केल्यावर रेडिएटरच्या तोंडाशी एकसारखे बुडबुडे येत असतील, किंवा तेल दुधाळ झाले असेल, तर मात्र हेडखालचे गॅस्केट गेल्याची शंका घ्यावी आणि गाडी चालवू नये.

या साऱ्यांत दोष सापडला नाही तर ज्योतीकडे पाहावे. ठिणगी उशिरा पडत असेल, किंवा कार्बुरेटरमधून पेट्रोल कमी येत असेल, तरीही इंजिन तापते.

एक चकवाही सांगून ठेवतो. उन्हाळ्यात गाडी गचके देऊन बंद पडते, पण काटा जागेवरच असतो. तेथे पाण्याचा संबंध नसतो. पेट्रोलची नळीतच वाफ झालेली असते. जुने चालक पेट्रोलपंपावर ओले फडके ठेवीत, ते याचसाठी.

आता आमच्या फियाटचे काय झाले ते सांगतो. तापते म्हटल्यावर एका कारागिराने रेडिएटर दोन वेळा उघडून साफ केला, तरी घाटात काटा चढेच. अखेर वडिलांनी तोच प्रश्न विचारला: केव्हा तापते? इंजिन जोरात फिरते तेव्हा. मग त्यांनी गाडी अंगणात उभी करून मला ॲक्सिलरेटर दाबावयास सांगितले आणि स्वतः बाजूने वाकून पाहत राहिले. इंजिनाचा वेग वाढताच रेडिएटरची खालची रबरी नळी आत ओढली जाऊन चपटी होत होती. पंप पाणी ओढी, जुने मऊ रबर मिटे आणि पाण्याची वाटच बंद होई. वेग कमी होताच नळी पुन्हा फुगे, त्यामुळे थांबलेल्या गाडीत कोणालाच काही दिसत नसे. दोष वीतभर रबराचा होता आणि शिक्षा रेडिएटरला दोनदा झाली होती.

वडील आता नाहीत, गाडी आहे. मूळच्या इंजिनानिशी ती आजही चालते. काटा वर सरकू लागला की मी गाडी कडेला घेतो, बॉनेट उघडतो आणि प्रथम स्वतः सावलीत जाऊन बसतो. आपल्या घरी अशी एखादी म्हातारी मोटार असेल, तर आपणही असेच करावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.