पुराच्या पाण्याला कोणता पंखा?

चंदगड तालुक्यात बोटीचे इंजिन हा एरवी चर्चेचा विषय नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये मात्र कादंबरीकार रणजित देसाईंच्या कोवाडची बाजारपेठ ताम्रपर्णीच्या पाण्यात गेली. तिकडे कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५५ फूटही मागे टाकले आणि बचावपथकांच्या रबरी बोटी गल्लीबोळांतून फिरू लागल्या.

पूर आलेली गल्ली म्हणजे कालवाच. अरुंद, उथळ आणि तळाशी काय दडले आहे याचा पत्ता नसलेला. कंपाउंडची भिंत, तारेचे कुंपण, उसाचा पाला, कोल्हापुरी बंधाऱ्याचे खांब. पाणी अडवणाऱ्या फळ्या, म्हणजे बरगे, काढले तरी खांब जागेवरच असतात. पहिला तडाखा बसतो तो बोटीच्या पंख्याला, म्हणजे प्रोपेलरला. मग नवा बसवताना कोणता घ्यायचा?

पंख्यावर सहसा दोन आकडे असतात, दोन्ही इंचांत: व्यास आणि पिच. पाणी घट्ट असते, तर एका फेऱ्यात पंखा जितका पुढे सरकला असता, ते पिच. इंजिन मिनिटाला ५,००० फेरे घेत असेल आणि गिअरमुळे पंख्याला त्याच्या निम्मे मिळत असतील, तर १० इंच पिचवर कागदी वेग येतो ताशी ३८ किलोमीटर. प्रत्यक्षात पाणी निसटते, वेग घटतो. माणसांनी भरलेल्या बोटीला जास्त पिचचा पंखा लावला, तर इंजिन नेमून दिलेल्या फेऱ्यांपर्यंत पोचतच नाही. धापा टाकते, तापते. पिच एक इंचाने उतरवले की साधारण १५० ते २०० फेरे वाढतात. बचावाच्या बोटीला वेगापेक्षा हा जोर हवा.

उथळ पाण्याची अडचण वेगळी. इंजिन वर उचलावे, तर पंखा पृष्ठभागाजवळ येऊन हवा ओढतो. फेरे भसकन वाढतात आणि बोट जागची हलत नाही. मोठा व्यास संथ बोटीला मानवतो, पण तळाला घासतो. म्हणून व्यास थोडा कमी, पाती तीनऐवजी चार आणि पिच उतरवलेले, ही तडजोड बरी पडते. पाला, जलपर्णी असेल तिथे मागे झुकलेल्या पात्यांचा पंखा घ्यावा; अडकलेला कचरा त्यावरून घसरून जातो.

स्टेनलेस स्टीलचा पंखा दिसायला देखणा, टिकायलाही चांगला. पण दगडावर आपटला की धक्का थेट गिअरला पोचवतो. अॅल्युमिनियमचे पाते वाकते, मोडते, आणि इथे तोच त्याचा गुण आहे. लहान इंजिनांत गिअर वाचवण्याच्या याच कामासाठी मुद्दाम कमकुवत शिअर पिन असते.

मोडण्यातून शहाणपण आल्याचा एक नामांकित दाखला लंडनजवळच्या पॅडिंग्टन कालव्यावरचा. फ्रान्सिस पेटिट स्मिथ या शेतकऱ्याने १८३६ मध्ये स्क्रू पंख्याचे पेटंट घेतले. पुढच्या वर्षी चाचणीत त्याचा दोन वेढ्यांचा लाकडी स्क्रू आपटून अर्धा तुटला आणि बोट आणखी जोरात पळाली! पाण्यात जास्त पृष्ठभाग म्हणजे जास्त घर्षण, हे त्या अपघातानेच दाखवले.

पंख्याची निवड पारखायची ती पावसाळ्याआधी. चंदगड तालुक्यातल्या जंगमहट्टीसारख्या जलाशयात, पुरात बसतील तेवढ्या वजनासह बोट पूर्ण थ्रॉटलवर चालवायची आणि फेरे इंजिनच्या पुस्तिकेतल्या मर्यादेत येतात का ते पाहायचे. कमी पडले, तर पिच उतरवायचे. सोबत एक जादा पंखा, दोन-चार पिना, पाना आणि वल्ही हवीतच.